टायफॉइडचा जंतू पोहणं कधी थांबवतो

मुदतीच्या तापाची शंका आली की आपल्याकडे अजूनही अनेकदा विडाल चाचणी लिहून दिली जाते. लॅबमधून येणाऱ्या कागदावर चार ओळी असतात : टायफी ओ, टायफी एच, आणि पॅराटायफॉइडच्या दोन प्रकारांसाठी एएच व बीएच. त्यांच्यापुढे १:८०, १:१६० असे आकडे. घरातल्यांचं सगळं लक्ष त्या आकड्यांवर खिळलेलं असतं, अक्षरांकडे कुणी पाहत नाही. ओ म्हणजे जंतूच्या बाह्य आवरणावरची शर्करा. एच म्हणजे त्याची कशाभिका, ज्या लांब तंतूंच्या जोरावर तो पोहतो ते तंतू. रुग्णाच्या रक्तात या कशाभिकेविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली आहेत का, हे एचची ओळ सांगते.

फर्नांद विडाल यांनी ही चाचणी १८९६ साली पॅरिसमध्ये मांडली. टायफॉइडच्या रुग्णाच्या रक्तद्रवात जंतू मिसळले की त्यांचे पुंजके होतात, एवढंच तिचं तत्त्व. तिच्या मर्यादा आज चांगल्याच ठाऊक आहेत. पूर्वी कधी होऊन गेलेला संसर्ग, घेतलेली लस, जवळच्या एखाद्या जंतूशी आलेला संबंध, यांपैकी कशानेही आकडा वर जाऊ शकतो. त्यामुळे एका विडालवर टायफॉइडचं निदान करणं धोक्याचं असतं. जंतू प्रत्यक्ष सापडला पाहिजे, आणि त्यासाठी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर करायला हवं. हे जितक्या वेळा सांगावं तितकं थोडंच आहे.

पण त्या एचच्या ओळीत जंतूची एक मोठी अडचण दडलेली आहे. आपल्या शरीराला कशाभिका ओळखता येते. जंतूला आतड्यात पुढे सरकायला ती हवी असते आणि तीच त्याचा ठावठिकाणाही उघड करते. म्हणून रोग घडवणाऱ्या जीवाणूचं कसब कशाभिका बनवण्यात जेवढं आहे, त्याहून अधिक ती बनवणं नेमकं कधी थांबवायचं यात आहे, असं माझं मत आहे. हा निर्णय जनुकांच्या पातळीवर होतो आणि गेल्या पन्नासेक वर्षांत तो बराचसा उलगडला आहे. या उलगड्यात सर्वांत जास्त काम आलेला जीवाणू म्हणजे साल्मोनेला. टायफॉइडचा जंतू त्याच कुळातला.

कशाभिकेला नुसता तंतू म्हणणं चूक आहे. ते फिरणारं यंत्र आहे. पेशीच्या आवरणात रुतलेली मोटर, तिच्यावर सुमारे ५५ नॅनोमीटर लांबीचा वाकलेला आकडा आणि त्यापुढे लांब तंतू. हा तंतू फ्लॅजेलिन नावाच्या एकाच प्रथिनाच्या सुमारे वीस हजार रेणूंचा बनलेला असतो. जीवाणूची लांबी साधारण दोन मायक्रोमीटर, तर तंतूची दहा ते पंधरा. साल्मोनेलाच्या अंगावर असे अनेक तंतू असतात. ते एकाच दिशेने फिरू लागले की त्यांची मोळी बनते आणि जीवाणू सरळ पुढे जातो. मोटर उलटी फिरली की मोळी सुटते, जीवाणू जागच्या जागी गिरकी घेतो आणि नव्या दिशेला तोंड करतो.

हा तंतू फिरतो की नुसता वळवळतो, यावर बराच काळ एकमत नव्हतं. १९७३ साली हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी तो फिरत असला पाहिजे असं मांडलं. पुढच्याच वर्षी मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्विन सायमन यांनी ते डोळ्यांना दिसेल अशा रीतीने सिद्ध केलं. त्यांनी कशाभिकेला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांच्या मदतीने तंतू काचेला जखडून टाकला. तंतूला हलता येईना, तेव्हा जीवाणूचं अख्खं शरीरच त्याच्याभोवती गरगर फिरू लागलं. विडालच्या चाचणीत जंतूंचे पुंजके करणारी प्रतिपिंडं याच जातीची.

मोटरला शक्ती मिळते ती पेशीबाहेरून आत येणाऱ्या प्रोटॉनच्या प्रवाहातून, आणि ती सेकंदाला शंभराहून अधिक फेऱ्या मारू शकते. हे यंत्र घडवायला आणि चालवायला पन्नासहून अधिक जनुकं लागतात. वीस हजार रेणूंचा एक तंतू, असे अनेक तंतू, आणि दर विभाजनानंतर पुन्हा नवे. एवढा खर्च कुठलाही जीव विचार न करता करणार नाही. जीवाणूच्या बाबतीत तो विचार जनुकांच्या साखळीतून होतो.

आधी बांधणीचा क्रम पाहू. मोटर आवरणात बसते, तिच्या पोटातून प्रथिनं बाहेर ढकलणारं एक दार तयार होतं, मग आकडा वाढतो आणि सर्वांत शेवटी तंतू. तंतू मुळाशी वाढत नाही, टोकाशी वाढतो. फ्लॅजेलिनचा प्रत्येक रेणू उलगडून, जेमतेम दोन नॅनोमीटर रुंदीच्या पोकळीतून संपूर्ण तंतूची लांबी पार करतो आणि पार शेवटच्या टोकाला जाऊन बसतो. त्यामुळे आकडा पुरा होण्याआधी पेशीने फ्लॅजेलिन बनवलं तर ते हजारो रेणू आतच साचतील, वाया जातील. क्रम चुकवून चालत नाही.

हा क्रम जनुकं कसा पाळतात हे १९९० साली काझुहिरो कुत्सुकाके, तेत्सुओ इइनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साल्मोनेलात स्पष्ट केलं. कशाभिकेची सगळी जनुकं तीन पायऱ्यांवर आहेत. पहिल्या पायरीवर फक्त दोन : फ्लएचडी आणि फ्लएचसी. त्यांची प्रथिनं एकत्र येऊन सहा घटकांचं एक संकुल बनतं, चार पहिल्याचे आणि दोन दुसऱ्याचे. हे संकुल दुसऱ्या पायरीवरची जनुकं जागी करतं. मोटरचे भाग, दार, आकडा, असं सगळं त्यातून येतं. तिसऱ्या पायरीवर फ्लॅजेलिन, मोटरला फिरवणारी प्रथिनं आणि दिशा ठरवणारी संवेदन-यंत्रणा. पहिली पायरी बंद असेल तर बाकीच्या दोन्ही आपोआप बंद राहतात.

दुसऱ्या पायरीवरून तिसऱ्यावर जाण्याची युक्ती मला या सगळ्या शास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, म्हणून तिथे जरा थांबतो. दुसऱ्या पायरीवर मोटरच्या भागांबरोबर आणखी दोन प्रथिनं तयार होतात. एकाचं नाव फ्लिए. ते जनुकं वाचणाऱ्या विकराला तिसऱ्या पायरीच्या जनुकांकडे घेऊन जातं. दुसऱ्याचं नाव फ्लजीएम. ते फ्लिएला घट्ट धरून ठेवतं आणि कामच करू देत नाही. म्हणजे पेशी एकाच वेळी चालवणारा आणि अडवणारा असे दोघेही तयार करते. घाटात उभ्या केलेल्या गाडीच्या चाकाखाली उटी लावतात, तसं फ्लजीएम फ्लिएखाली बसलेलं असतं. मग ही उटी काढतं कोण?

याचं उत्तर केली ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दिलं. उटी काढायला वेगळं कुणी लागत नाही. ती कशाभिकेच्याच दारातून बाहेर फेकली जाते. आकडा वाढत असताना ते दार फक्त आकड्याचे भाग बाहेर सोडतं. आकड्याची लांबी मोजणारं फ्लिके नावाचं एक प्रथिन आहे. लांबी ५५ नॅनोमीटरच्या आसपास गेली की फ्लिके दाराला इशारा देतं आणि दार आपला नियम बदलतं. आता त्यातून नंतरच्या टप्प्याची प्रथिनं जाऊ लागतात, आणि फ्लजीएम त्यांपैकीच एक आहे. ते बाहेर गेलं की फ्लिए मोकळं होतं, तिसरी पायरी सुरू होते, फ्लॅजेलिन बनू लागतं. ज्या जीवाणूंमध्ये आकड्याचं काम अर्धवट राहिलेलं होतं त्यांच्यात फ्लजीएम आतच अडकून पडलेलं आढळलं. ज्यांचा आकडा पुरा झाला होता त्यांच्याभोवतीच्या द्रवात ते सापडलं.

यंत्राचा पाया पुरा झाला आहे हे जनुकांना कळवायला निराळा पहारेकरी नाही, निराळा निरोप्याही नाही. यंत्र पुरं झालं की अडथळा स्वतःच बाहेर जातो, हाच निरोप. काही मायक्रोमीटरच्या जीवाला स्वतःच्या बांधकामाची प्रगती याहून कमी खर्चात कळण्याची दुसरी पद्धत मला तरी सुचत नाही.

पहिल्या पायरीची दोन जनुकं मात्र इतकी सरळ चालत नाहीत. त्यांच्यावर पेशीतल्या अनेक यंत्रणांचा दाब असतो. तापमान, क्षारांचं प्रमाण, अन्न, आवरणावरचा ताण, या सगळ्यांचे निरोप तिथे येऊन पोचतात. आवरणाला इजा झाली की आरसीएस नावाची यंत्रणा फ्लएचडी-फ्लएचसीचं वाचन दाबून टाकते. अन्न कमी पडलं की वायडीआयव्ही नावाचं प्रथिन तयार झालेल्या संकुलाला धरून त्याची ताकद काढून घेतं. याचा परिणाम असा की साल्मोनेला भरपूर अन्नात जास्त पोहतो. त्याचा जवळचा भाऊबंद ई. कोलाय मात्र अन्न तुटपुंजं झालं की अधिक कशाभिका बनवतो. दोघांची जनुकं जवळजवळ तीच, पण आज्ञा उलट्या. आणखी एक गोष्ट पुढे फार कामाची ठरते : एकाच वाढीत, एकाच अन्नात, अगदी एकाच पूर्वजापासून झालेल्या साल्मोनेलांपैकी काही पोहतात आणि काही पोहत नाहीत. दोन्ही तऱ्हेचे सैनिक एकाच वेळी हजर असतात.

आतड्यात पोचलेल्या साल्मोनेलाला कशाभिका दोन कामांसाठी लागते. एक, श्लेष्माच्या थरातून वाट काढून पेशींच्या पृष्ठभागापर्यंत पोचणं. दुसरं, त्या पृष्ठभागाला लागून पोहत आत शिरायला योग्य जागा शोधणं. शिरण्याचं हत्यार वेगळं आहे : पेशीत प्रथिनं टोचणारी एक सूक्ष्म सुई. १९९८ साली तिची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं प्रसिद्ध झाली आणि तिचा पाया कशाभिकेच्या पायाशी किती जुळतो हे उघडच दिसलं. ही दोन यंत्रं एकाच कुळातली आहेत. त्यांची जनुकंही एकमेकांशी बोलतात. कशाभिकेच्या साखळीतलं फ्लिझेड नावाचं प्रथिन सुईच्या जनुकांना चालना देतं. पोहण्याची तयारी झाली की टोचण्याची तयारीही सुरू होते.

आत शिरल्यावर चित्र पालटतं.

२००१ साली अमेरिकेतल्या सिअॅटलमध्ये ॲलन ॲडेरम यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या शोधनिबंधात हे सिद्ध झालं की आपल्या पेशींवर असलेला टीएलआर५ नावाचा ग्राहक रेणू फ्लॅजेलिन ओळखतो. ओळख पटताच दाहाचे संदेश सुटतात आणि संरक्षक पेशी धावून येतात. हा ग्राहक फ्लॅजेलिनचा वाटेल तो भाग ओळखतो असं नाही. फ्लॅजेलिनचे रेणू एकमेकांना जिथे चिकटून तंतू बनवतात, तोच भाग तो पकडतो. जीवाणूने तो भाग बदलला तर शरीराची नजर चुकेल, पण मग तंतूही जुळणार नाही. उत्क्रांतीत आपल्या शरीराने जीवाणूची दुखरी नस अचूक पकडली आहे.

काहींनी यातूनही वाट काढली. पोटात व्रण करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी, ज्याच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ चं नोबेल मिळालं, त्याच्या फ्लॅजेलिनमध्ये नेमका तो भाग बदललेला आहे. तंतूची ताकद टिकावी म्हणून त्याच रेणूत दुसरीकडे भरपाईचे बदलही झालेले आहेत. जठराच्या आम्लातून श्लेष्मात शिरायला या जंतूला आयुष्यभर पोहत राहावं लागतं. कशाभिका सोडण्याची चैन त्याला परवडत नाही, म्हणून त्याने तिचं रूपच पालटलं.

टीएलआर५ पेशीबाहेर पहारा देतो. पेशीच्या आत दुसरा पहारा आहे. फ्लॅजेलिनचा अंश पेशीद्रव्यात शिरला तर एनएआयपी आणि एनएलआरसी४ ही प्रथिनं तो ओळखतात आणि ती भक्षक पेशी स्वतःला फोडून टाकते, म्हणजे आत दडलेल्या जंतूंची लपण्याची जागाच नाहीशी होते. त्यामुळे भक्षक पेशीत घुसलेला साल्मोनेला फ्लॅजेलिन बनवणं बंद करतो. हे बंद करणं किती निर्णायक आहे हे २०१० साली एडवर्ड मियाओ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. भक्षक पेशीच्या आतही फ्लॅजेलिन बनवत राहतील असे साल्मोनेला त्यांनी तयार केले आणि उंदरांना दिले. उंदरांनी ते साफ करून टाकले. रोग घडवण्याची बाकी सगळी साधनं त्या जंतूंकडे शाबूत होती. चूक एवढीच की ते योग्य वेळी थांबले नाहीत.

थांबण्याऐवजी वेश बदलण्याचा मार्गही साल्मोनेलाच्या अनेक जातींकडे आहे. १९२२ साली फ्रेडरिक अँड्र्यूज यांनी पाहिलं की एकाच साल्मोनेलाच्या वाढीत एच प्रतिजनाची दोन रूपं आलटूनपालटून दिसतात. १९५६ मध्ये जोशुआ लेडरबर्ग आणि इइनो यांनी ही अदलाबदल जनुकीय असल्याचं मांडलं, पण ती कशी घडते हे १९७७ पर्यंत कळलं नव्हतं. त्या वर्षी सायमन यांच्याच गटाने दाखवलं की डीएनएचा सुमारे हजार अक्षरांचा एक तुकडा कापला जातो आणि उलटा करून त्याच जागी पुन्हा जोडला जातो. हे काम करणाऱ्या विकराचं नाव हिन. तुकडा एका दिशेला असला की फ्लॅजेलिनचं एक जनुक चालू होतं आणि दुसऱ्याला अडवणारं प्रथिनही बनतं. तो उलटा झाला की पहिलं बंद होतं, अडवणारंही बनत नाही आणि दुसरं जनुक आपोआप सुरू होतं. हजार ते लाख विभाजनांमागे एखाद्या वेळी हे घडतं. जीवाणूंच्या मोठ्या वसाहतीत एवढं प्रमाण पुरेसं असतं. एका रूपाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होईपर्यंत दुसऱ्या रूपातले काही जण आधीच हजर असतात.

टायफॉइडच्या जंतूकडे मात्र साधारणपणे फ्लॅजेलिनचं एकच रूप असतं. त्याने काय केलं, याकडे वळण्याआधी इतर काही जंतूंचे मार्ग पाहून घेऊ, कारण त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर टायफॉइडची करामत नीट कळते.

लिस्टेरिया हा दूषित अन्नातून येणारा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. २५ अंश सेल्सियसला तो झकास पोहतो आणि ३७ अंशांना निश्चल होतो. प्रयोगशाळेत त्याची ओळख पटवायला हा फरक अजूनही उपयोगी पडतो. त्याच्यात मॉगआर नावाचं प्रथिन कशाभिकेच्या जनुकांवर बसून त्यांना दाबून ठेवतं. थंडीत जीएमएआर नावाचं दुसरं प्रथिन मॉगआरला दूर ओढतं आणि जनुकं मोकळी होतात. शरीराच्या उष्णतेत जीएमएआरचा आकारच ढळतो, त्याची पकड सुटते आणि मॉगआर पुन्हा जागेवर बसतं. एक प्रथिन तापमापकाचं काम करतं. आपण आता शरीरात आलो आहोत हे या जंतूला उष्णतेवरूनच कळतं.

प्लेगच्या जंतूने याहून टोकाचा मार्ग धरला. १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी तो ओळखला आणि दोनच वर्षांत तो मुंबईत मांडवीच्या वस्तीत पोचला. पुढे पुण्यासह सारा महाराष्ट्र त्याने हादरवून सोडला. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईतच आपली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. ज्या जंतूविरुद्ध ती बनवली होती तो मुळीच पोहत नाही. त्याच्या फ्लएचडी जनुकात एका अक्षराची भर पडली आहे. त्यामुळे पुढचा सगळा मजकूर सरकून निरर्थक होतो, पहिलीच पायरी मोडते, आणि खालच्या पायऱ्यांवरची डझनावारी जनुकं डीएनएत पडून असूनही मुकी राहतात. पिसू, उंदीर, माणसाचं रक्त, अशा फेऱ्यात जगणाऱ्या जंतूला पोहण्याची गरज उरली नव्हती आणि फ्लॅजेलिन दाखवण्यात धोका मात्र होता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात सैबेरियातल्या कांस्ययुगीन माणसांच्या दातांतून मिळालेल्या प्लेगच्या जंतूंमध्ये ही भर आढळली नाही. आर्मेनियातल्या लोहयुगीन नमुन्यात मात्र ती होती. म्हणजे प्लेगचा जंतू जन्मतः असा नव्हता. वाटेत कधीतरी त्याने पोहणं कायमचं टाकलं. रक्ती आव घडवणाऱ्या शिगेलांनीही आपल्या कशाभिका अशाच गमावल्या आहेत.

पटकीचा जंतू, व्हिब्रिओ कॉलरी, पोहण्यात साल्मोनेलाच्याही पुढे आहे. त्याच्या एका टोकाला एकच कशाभिका असते आणि तिची मोटर प्रोटॉनऐवजी सोडियमच्या प्रवाहावर चालते. लहान आतड्याच्या श्लेष्मातून वाट काढताना हा तंतू तुटू शकतो, आणि तुटणं हाच त्याच्यासाठी निरोप असतो, असं २००८ साली प्रयोगांतून दिसलं. उरलेल्या उघड्या दारातून फ्लजीएम बाहेर वाहून जातं, फ्लिए मोकळं होतं आणि या जंतूत ते हॅपआर नावाच्या एका नियामकाला दाबतं. हॅपआर एरवी रोगकारक जनुकांना आवर घालत असतो. तो आवर सुटला की विष बनवणारी आणि आतड्याला चिकटून राहायला मदत करणारी जनुकं मोकळी होतात. साल्मोनेलात बांधकाम पुरं झाल्याचं कळवणारी तीच जोडगोळी इथे ‘पोचलो’ असं कळवते.

आता टायफॉइड. या जंतूचं शरीरातलं वागणं विलक्षण आहे. साधा साल्मोनेला आतड्यात जोराचा दाह पेटवतो, जुलाब लावतो आणि बहुतेकदा तिथेच थांबतो. टायफॉइडचा जंतू आतड्याच्या भिंतीतून जवळजवळ आवाज न करता आत जातो, यकृत, प्लीहा, अस्थिमज्जेत पोचतो, आणि ताप यायला सुरुवात होते तेव्हा संसर्ग होऊन एकदोन आठवडे सहज उलटलेले असतात. एवढ्या शांतपणे तो आत कसा शिरतो?

१९३४ साली आर्थर फेलिक्स आणि मार्गारेट पिट यांनी टायफॉइडच्या जंतूवर एक जास्तीचं आवरण असल्याचं नोंदवलं आणि त्याला व्हीआय नाव दिलं. हे शर्करेचं आवरण असून ते ओ शर्करेला झाकून टाकतं. ते बनवणाऱ्या जनुकांच्या रांगेत पहिलं जनुक टीव्हीआयए आहे. ते नियामक प्रथिन बनवतं, आणि कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे आंद्रेआस बॉयम्लर यांच्या प्रयोगशाळेने २०१० च्या सुमारास त्याचं दुसरं काम उजेडात आणलं. टीव्हीआयए आरसीएस यंत्रणेला हाताशी धरून व्हीआय आवरणाची जनुकं चालू करतं आणि त्याच वेळी फ्लएचडी-फ्लएचसीला दाबतं. एकाच हुकमाने एक गोष्ट चढते आणि दुसरी उतरते.

हा हुकूम कधी सुटतो तेही कळलं आहे. आतड्याच्या पोकळीत द्रवाची संहती जास्त असते. तिथे टीव्हीआयए दबलेलं राहतं, कशाभिका चालू राहतात, सुई तयार असते आणि जंतू आत शिरतो. ऊतींमध्ये संहती कमी असते. तिथे पाऊल पडताच टीव्हीआयए जागं होतं, फ्लॅजेलिन थांबतं आणि व्हीआयचं आवरण चढतं. टीएलआर५ ला पकडायला काही उरत नाही आणि खालची ओ शर्कराही झाकली जाते. दाह पेटायच्या आत जंतू पुढे निघून गेलेला असतो. व्हीआयच्या जनुकांची ही रांग टायफॉइडच्या जंतूला बाहेरून आलेल्या डीएनएच्या तुकड्यातून मिळाली आहे. एका आयत्या तुकड्याने त्याला आवरणही दिलं आणि कशाभिका थांबवण्याची कळही दिली. माझ्या मते टायफॉइड हा साध्या पोटदुखीपेक्षा इतका वेगळा आजार होण्यात या कळीचा मोठा वाटा आहे.

आणि नेमकं इथेच माणसाला त्याला गाठता आलं. जंतू शरीरात असताना जे अंगावर चढवतो त्याच व्हीआय आवरणाविरुद्ध टायफॉइडची संयुग्म लस बनवली आहे. नुसत्या व्हीआय शर्करेची लस आधीपासून होती, पण दोन वर्षांखालच्या मुलांचं शरीर तिला नीट दाद देत नाही. शर्करा एका प्रथिनाला जोडली की लहान मुलांतही चांगली प्रतिकारशक्ती निर्माण होते. भारतात विकसित झालेल्या अशा लशीला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली, आणि २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने तिची मोहीम राबवली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या एक लाखाहून अधिक मुलांना पहिल्या टप्प्यात ती दिली गेली. सार्वजनिक यंत्रणेने या लशीची मोहीम हाती घेण्याची ती जगातली पहिली वेळ होती, आणि या कामाचं जितकं कौतुक व्हायला हवं होतं तितकं आपल्याकडे झालं नाही याचं मला वाईट वाटतं. औषधांना न जुमानणारे टायफॉइडचे जंतू वाढत असताना मुळात आजारच होऊ न देणारी लस मोलाची आहे.

या लशीची एक मर्यादा याच जनुकांतून येते. विडालच्या कागदावर एएच या अक्षरांनी जो दर्शवला जातो त्या पॅराटायफॉइड ए जंतूकडे व्हीआयच्या जनुकांची रांगच नाही. त्यामुळे टीव्हीआयए नाही, आवरण नाही, आणि व्हीआयविरुद्धच्या लशीला पकडायलाही काही नाही. भारतातल्या मुदतीच्या तापात या जंतूचा वाटा लक्षणीय आहे. त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दोन्ही जंतूंविरुद्ध एकच लस तयार केली असून तिच्या पहिल्या टप्प्याच्या मानवी चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. टायफॉइडसाठी तिच्यात व्हीआय शर्करा आहे. पॅराटायफॉइडसाठी संशोधकांनी कशाभिका निवडलेली नाही, त्या जंतूच्या बाह्य आवरणावरची ओ शर्करा निवडली आहे. फ्लॅजेलिन बनवायचं की नाही हे जंतू जागेप्रमाणे ठरवू शकतो. ओ शर्करेवर मात्र झाकण घालायला पॅराटायफॉइडच्या जंतूकडे व्हीआयसारखं आवरण नाही.